पांढऱ्या दिवसाचा डबा

आई, तुम्ही गेलात त्या सकाळी साडेदहाच्या आत आमच्या ‘हेल्दी टिफिन मम्मीज’ ग्रुपवर छत्तीस जोडलेले हात येऊन पडले. त्यातल्या एकीनेही तुम्हाला धड पाहिलेलं नव्हतं. एकीने लिहिलं, ‘आंटी किती ग्रेसफुल होत्या.’ तुम्ही असतात तर मला विचारलं असतंत, "म्हंजे काय गो?" आणि मी अर्थ सांगितल्यावर म्हणाला असतात, "मंग दुसरीच कोनतरी मेली असंल."

त्या छत्तीस हातांच्या खाली अकराव्या मिनिटाला कुणीतरी विचारलं होतं, उद्याच्या यलो डेला ढोकळा चालेल का. त्यावर चौदा मेसेज. ढोकळ्यात साखर असते, ढोकळ्यात सोडा असतो, आमच्याकडे मुगाचा करतात. तुमच्यावर छत्तीस आणि ढोकळ्यावर चौदा, म्हणजे तसं पाहिलं तर तुम्ही जिंकलात.

घरातही तेच चाललं होतं. येणारा प्रत्येक माणूस मला सांगत होता की माझी सासू किती गोड होती. गोड! तुम्ही गोड नव्हतात आई. लोकांना सांगू देत, आपल्या दोघींत तरी खोटं नको. मी फलटणहून लग्न करून या खाडीकाठच्या गावात आले, आणि दुसऱ्या दिवशी हौसेने ज्वारीच्या भाकऱ्या थापल्या, तेव्हा तुम्ही त्यातली एक दोन बोटांत धरून उजेडाकडे केलीत आणि सगळ्यांसमोर विचारलंत, "ही भाकर हाय का पत्रा?" तेव्हापासून भावकीत माझं नाव ‘पत्रेवाली’ पडलं. वैशाली हे माझं नाव तुमच्या तोंडून ऐकायला पुढचा दिवाळसण उजाडावा लागला. मीही काही कमी नव्हते. तुमच्या तांदळाच्या भाकरीला मी मनात ‘गादी’ म्हणायचे, आणि माहेरी फोनवर मोठ्याने.

पण आपलं खरं भांडण सुरू झालं ते अन्वी शाळेत जायला लागल्यावर. ते अजून मिटलेलं नाही, आणि तुम्ही मात्र सकाळचा चहा अर्धा ठेवून निघून गेलात. याला पळून जाणं म्हणतात.

अन्वीची शाळा म्हणजे डब्याच्या बाबतीत पोलीस चौकी. दर महिन्याचं वेळापत्रक येतं. सोमवारी कडधान्य, मंगळवारी हिरवी भाजी, बुधवारी ‘फन विथ मिलेट्स’, आणि महिन्यातून एकदा रंगाचा दिवस. खाली ठळक अक्षरांत नियम: तळलेलं नको, मैदा नको, मांसाहार नको, उग्र वासाचं काही नको. तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणून मी ते फ्रिजवर चिकटवून मराठीत समजावून सांगितलं. शेवटचा नियम ऐकून तुम्ही हसलात. शाळेचं मैदान आहे तिथे तुमचं भाताचं खाचर होतं. तुम्ही म्हणालात, "त्या जागंवं भरतीला येऊन वास घ्या म्हनावा. गुलाबाचा येतो काय?"

आणि मी काय करत होते? मी साच्याने गाजराचे तारे पाडत होते. सकाळी पावणेसहाला उठून, ऑफिसची बस सात वाजून वीस मिनिटांनी, आणि मी ओट्याशी उभी राहून काकडीला फुलाचा आकार देत होते. पाच कप्प्यांचा डबा मागवला होता. एका कप्प्यात बिटाची इडली, एकात मखाणे, एकात किवीच्या चकत्या, आणि मधल्या गोल कप्प्यात चार बेदाणे. त्या चार बेदाण्यांचं कौतुक आधी ग्रुपला, मग पोरीला. फोटो काढल्याशिवाय मी झाकण लावत नसे. तुम्ही चहाचा कप घेऊन मागे उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "ह्या जेवान हाय का रांगोली?"

ग्रुपवर कुणालाच नाव नाही आई, हे तुम्हाला सांगायचं राहिलं. तिथे सगळ्या रेयांशची मम्मी, त्विशाची मम्मी. मी अन्वीची मम्मी. यातली रेयांशची मम्मी म्हणजे मुख्य. तिने सहा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स केला आहे आणि तेव्हापासून ती पोळीला पोळी म्हणत नाही, ‘कार्ब’ म्हणते. तिने एकदा मला अंगठा दिला की माझा दिवस चांगला जायचा. पस्तिशी ओलांडलेली बाई, दोन डिग्र्या, हाताखाली नऊ माणसं, आणि एका अनोळखी बाईच्या अंगठ्याची वाट बघतेय. हे तुम्ही ओळखलं होतंत. तुम्ही बोलत नव्हतात, फक्त बघत होतात, आणि तुमचं ते बघणं मला चावायचं.

तीन वाजता डबा परत यायचा. तारे मलूल, किवी काळवंडलेली, बेदाणे मात्र गायब. मी ऑफिसातून आल्यावर सिंकपाशी उभी राहून ते उरलेलं स्वतः खायचे. अन्न टाकवत नाही, फलटणचं वळण. मग रिकाम्या डब्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचे: ‘ऑल फिनिश्ड!’ खोटं नव्हतं, फिनिश झालंच होतं. अन्वीच्या वाट्याचे निम्मे तारे माझ्या पोटात गेले असतील. आता वाटतं, त्या ग्रुपवरच्या सगळ्याच बायका सिंकपाशी उभ्या राहून तेच करत असणार. वरून कीर्तन, आतून तमाशा.

तुमचंही सगळंच बरोबर नव्हतं, बरं का. अन्वीच्या दप्तराच्या बाजूच्या खिशात तुम्ही बिस्किटांचे पुडे कोंबायच्या. दुधात तीन चमचे साखर. मी बोलले की म्हणायच्या, "साखरंनं ताकद येते." कुठून येते? मी दहा वेळा सांगितलं असेल, दात किडतील, भूक मरते. तुम्ही मान डोलवायच्या आणि चौथा चमचा टाकायच्या. साखरेबाबत मी बरोबर होते, आहे, आणि तुम्ही फोटोत गेलात म्हणून माझं मत बदलणार नाही.

पण जवळ्याबाबत नाही. तुम्ही गच्चीवर जुन्या लुगड्यावर जवळा वाळवायच्या, आणि सोसायटीच्या कमिटीची नोटीस आली की ती माझ्या हातात देऊन परत वर जायच्या. "ह्यानं हारा होतान पोरीची, हारा." हाडं. मी म्हणायचे, आई, हल्ली त्यासाठी वेगळं मिळतं. आणि मी खरंच अळशीच्या गोळ्या मागवल्या होत्या, अन्वीला माशातलं ते चांगलं तेल माशाशिवाय मिळावं म्हणून. डोक्यावर गच्चीत टोपलीभर मासळी वाळतेय आणि खाली सून पार्सलवाल्याकडून माशाची बदली गोळी सही करून घेतेय. एवढं शहाणपण शिकायला मला दोन डिग्र्या लागल्या.

आता त्या दिवसाकडे येते. टाळत होते.

दोन वर्षं झाली. अन्वी दुसरीत होती. मला ट्रेनिंगसाठी पहाटेच पुण्याला जायचं होतं, नरेश नेहमीसारखा साडेपाचलाच न्हावा शेव्याला आपल्या ऑफिसला. घरात तुम्ही आणि अन्वी. आदल्या संध्याकाळी मी तुम्हाला पढवलं.

"आई, उद्या व्हाइट डे आहे. डब्यात सगळं पांढरं द्यायचं. फ्रिजमध्ये इडलीचं पीठ आहे, इडल्या करा, बाजूला खोबऱ्याची चटणी. मिरची नको."

"पांढरा म्हंजे सगला पांढरा?"

"सगळं."

"हलद नाय?"

"हळद घातली तर पांढरं कसं राहील?"

तुम्ही मान डोलवलीत. साखरेच्या वेळी डोलवता तशीच, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

सकाळी तुम्ही पिठाचं झाकण उघडलंत, वास घेतलात आणि ते मोरीत ओतून दिलंत. आंबलं होतं म्हणे. इडलीचं पीठ आंबलेलं असतं आई, आंबवायलाच ठेवतात. पण तुमच्या घरात आंबलेलं पीठ पोराला देत नाहीत, आणि पांढरं काय ते तुम्हाला कुणी शिकवायची गरज नव्हती. तांदळाची भाकरी पांढरी. ओलं खोबरं पांढरं. आणि बोंबील पांढरा. दारात कोळीण आलीच होती. जन्मात तुम्ही हळद-तिखटाशिवाय मासळी केली नव्हतीत, ती त्या दिवशी केलीत. नुसतं मीठ, लसूण आणि तांदळाचं पीठ, तवा अगदी मंद, कुठे डाग पडू नये म्हणून. तळलेलं नको हा नियम तुम्ही पाळलात, मिरची नको हाही पाळलात. मांसाहार म्हणजे तुमच्या लेखी मटण-कोंबडी, मासळी त्यात धरलीच नव्हतीत. पाच कप्प्यांच्या डब्यात गरम भाकरीला घाम सुटतो, म्हणून सासऱ्यांचा स्टीलचा डबा काढलात. पावणे एमआयडीसीतल्या कारखान्यात तीस वर्षं नेलेला, बुडाशी नाव घातलेला: हिराजी म्हात्रे. दुपारी मला फोन करून अभिमानाने सांगणार होतात, एकपन रंग लागू दिला नाय.

त्याआधी ग्रुप पेटला.

त्या शाळेत सगळे डबे वर्गातल्या एका मोठ्या टोपलीत ठेवतात आणि सुट्टीत ज्याने त्याने आपला उचलायचा. अन्वी आपला पाच कप्प्यांचा डबा शोधत राहिली. हा स्टीलचा कुणाचा म्हणून दुसऱ्याच मुलाने उघडला. मग ‘ई’ झालं, मग एकाला उलटीची भावना झाली, मग टीचरने नाकाला ओढणी लावून विचारलं, कुणाचा हा? अन्वीने आजोबांचा डबा ओळखला. आणि सात वर्षांची माझी मुलगी म्हणाली, "माझा नाही."

कुठून शिकली, विचारू नका.

टीचरने तिला दोन मारी बिस्किटं दिली. एक पोरगी डब्याशिवाय आणि एक डबा पोरीशिवाय, एवढं कोडं त्या शाळेत कुणाला सुटलं नाही. नाव डब्याच्या बुडाशी होतं, पण मराठीत. तेवढे कष्ट कोण घेतो?

मी पुण्यात ट्रेनिंगच्या जेवणाच्या सुट्टीत फोन उघडला तर वरून काढलेला डब्याचा फोटो. रेयांशच्या मम्मीला कुणीतरी पाठवलेला, तिने सगळ्यांना वाढलेला. खाली एकापाठोपाठ एक. ‘यक.’ ‘कैसे लोग हैं.’ ‘बच्चों के सामने मच्छी?’ ‘इथल्या गावातल्या लोकांना ॲडमिशन देतात मग हेच होणार.’ मी डबा ओळखला. मी भाकरी ओळखली. एक कड नेहमी जाड ठेवायची तुमची खोड. आणि पहिला विचार आला, की आता कुणी विचारलं तर? कुणी विचारायच्या आत मी लिहिलं. मी काय लिहिलं ते या दोन वर्षांत कुणाला सांगितलं नाही, तुम्हाला सांगते: ‘शी! किती घाणेरडे लोक असतात. शाळेने अशांवर कडक ॲक्शन घ्यावी.’

अकरा अंगठे आले. रेयांशच्या मम्मीचा पहिला.

तुमच्या तव्याचं, वर्गातलं आणि पुढचंही मला आपल्या आळीतल्या सुरेखाने नंतर सांगितलं. ती त्या शाळेत मावशी म्हणून झाडलोट करते. डबा ऑफिसच्या काउंटरवर नेऊन ठेवायला तिलाच सांगितलं होतं. तिने तो उलटा करून नाव वाचलं आणि तुम्हाला फोन केला. तुम्ही रिक्षा करून गेलात. नऊवारी, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी.

"काकी सरल आत आल्या," सुरेखा मला सांगत होती. "मना वाटला आता भांरनार. पन नाय. बोलल्या, ह्यो डबा माजा हाय. सुरेखासाठी आनलेला, तिच्या हातून वर्गान रायला."

ऑफिसातल्या मॅडम म्हणाल्या, "आजी, इथे छोटी मुलं असतात. हायजीन असतं. असं काही आणायचं नाही."

"नाय आननार."

"आणि ड्यूटीवर हिला भेटायला यायचं नाही."

"नाय येनार. तुमी काय जेवता बाय?"

"मी? मी सॅलड खाते."

"मंग बरोबर," तुम्ही म्हणालात.

सुरेखाला त्या दिवशी बोलणी बसली, ती तिने सोसली. मॅडमनी डबा प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीला दोन गाठी मारून दिला. तुम्ही निघालात तेव्हा अन्वीचा वर्ग रांगेने पोहण्याच्या तलावाकडे चालला होता. अन्वीने तुम्हाला पाहिलं. आणि तुम्ही, जी बाई नातीला लांबून पाहिली तरी गल्लीभर ओरडते, ती तुम्ही तिच्या अंगावरून अशा गेलात जशी ती कुणा दुसऱ्याची पोर. एकदाही वळून पाहिलं नाहीत. तिने नाही म्हटलं होतं ना, मग तुम्हीही नाही म्हटलंत.

मला तुम्ही यातलं काही बोलला नाहीत. फक्त म्हणालात, "तुजा पीठ आंबला व्हता, फेकला." मीही विचारलं नाही. दोघींनी विषय असा गिळला जसा काही झालंच नाही. मी स्वतःला समजावलं, यांना वाचता येत नाही, यांच्याकडे साधा बटणांचा फोन, मी ग्रुपवर काय लिहिलं ते यांना कधी कळणार? कळणारच नव्हतं. त्या एका गोष्टीवर मी दोन वर्षं सुखाने झोपले.

त्यानंतर तुम्ही डब्याला हात लावला नाहीत. मी तारे पाडायचे, तुम्ही मागे चहा घेऊन उभ्या, पण रांगोळीबद्दल एक शब्द नाही. मला वाटलं, म्हातारी वठणीवर आली. असं वाटलं मला, आई. मनात हाच शब्द आला होता. जे भांडण तुम्ही सोडून दिलं होतंत ते मी जिंकले असं समजून मी फुशारले होते.

आणि गंमत ऐका. तुम्ही गेलात त्याच महिन्यात शाळेचं नवं फर्मान निघालं, ‘ग्रँडमाज किचन वीक’. मुलांनी आजीच्या हातची पारंपरिक पाककृती आणायची. रेयांशच्या मम्मीने तांदळाच्या भाकरीचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘ग्लूटेन-फ्री राइस फ्लॅटब्रेड, सो सॉफ्ट!’ तिच्या सासूला ती गेल्या तीन वर्षांत घरी राहायला आणू शकलेली नाही, पण सासूच्या भाकरीला पन्नास बदाम मिळाले. भाकरी बिघडलेली होती. कडा फाटलेल्या, मध्ये कच्ची. तुम्ही दोन बोटांत धरून उजेडाकडे केली असतीत.

सुतकाचे बारा दिवस आपल्याकडे चूल पेटली नाही. जेवण भावकीतून यायचं, आज या घरून, उद्या त्या घरून. मला वाटलं शाळेचं काय करायचं, वेळापत्रकाचं काय? सुरेखाच्या सासूने एक शब्द न विचारता अन्वीचा डबा त्यातूनच भरला. वाल, भात, कधी भाकरी-भाजी, कधी नुसता घट्ट वरणभात. रंग नाही, कप्पे नाहीत, तारे नाहीत. शाळा होती तेवढे सगळे दिवस डबा चाटून पुसून घरी आला. एकाही दिवशी मला सिंकपाशी उभं राहून खायला काही उरलं नाही. वेळापत्रकवाल्यांच्या बापालाही ते कळलं नाही. सोमवारी कडधान्याऐवजी भात गेला तर जग बुडत नाही, हे मला कळायला तुम्हाला मरावं लागलं. किती महागडी शिकवणी!

काल बारावं झालं. पाहुणे गेले. संध्याकाळी मी अन्वीजवळ बसले होते आणि माझ्या अंगात आलं. खरं सांगायचं, सगळ्यांना सांगायचं. मी ग्रुपवर लिहिलं: ‘दोन वर्षांपूर्वी व्हाइट डेला जो डबा सापडला तो आमचा होता. माझ्या सासूबाईंनी केला होता. त्यात हळदसुद्धा नव्हती. मी तेव्हा जे लिहिलं त्याची मला लाज वाटते.’ तीनदा वाचलं, एक स्वल्पविराम दुरुस्त केला. बघा, कबुलीसुद्धा मी सजवून दिली. मग पाठवलं, आणि वाट बघत बसले. दगड येतील असं वाटत होतं. मनातून थोडी टाळीही हवी होती.

मग रेयांशची मम्मी: ‘अगं, वी ऑल न्यू, डिअर! मुलांनी तेव्हाच सांगितलं होतं. तुला ऑकवर्ड नको म्हणून कुणी बोललो नाही.’ पुढे एक हसरा चेहरा. मग त्विशाची मम्मी: ‘चिल यार.’ मग कुणीतरी विचारलं, बोंबलात प्रोटीन किती असतं.

त्यांना माहीत होतं, आई. पहिल्या दिवसापासून. मी ‘शी’ लिहिलं तेव्हा त्या अकरा जणींना माहीत होतं की ही आपल्याच सासूला शी म्हणतेय, आणि तरी त्यांनी अंगठे दिले, किंवा म्हणूनच दिले. मी तोंड लपवत होते आणि सगळं वऱ्हाड माझ्याकडे बघत होतं.

मी फोन पलंगावर फेकला. अन्वी चित्र रंगवत होती. मी तिला म्हटलं, जरा ताठ होऊनच म्हटलं, "अन्वी, मी आत्ता सगळ्यांना खरं सांगितलं. त्या आजीच्या डब्याचं. आजीला बिचारीला कधी कळलंच नाही मी काय लिहिलं होतं ते."

तिने मान वर केली नाही. "आजीला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तू काय लिहिलेलं ते. मीच वाचून दाखवलं."

नरेशचा जुना फोन. तो तुमच्याकडे असायचा अन्वीला खेळायला, आणि ग्रुप त्यावरही होता, कारण मीच नरेशला त्यात घातलं होतं, जबाबदारी वाटून घ्यावी म्हणून. त्या दुपारी शाळेतून आल्यावर ती तुमच्या मांडीला टेकून रडत होती, आणि फोन सारखा वाजत होता. तुम्ही तिला विचारलंत, आयचा नाव हाय काय त्याच्यान? काय लिवलाय तिनी? दुसरीतली पोर. अक्षरं जुळवत जुळवत तिने तुम्हाला वाचून दाखवलं. घा, णे, र, डे. लोक.

"मग? आजी काय म्हणाली?"

"काही नाही. मग म्हणाली, बरा वाचतंस गो आता." अन्वी पिवळा खडू शोधत होती. "आणि म्हणाली, आयला सांगू नको मी आयकला म्हनून. ती पुन्याशी दमून येल. तिला मंग जेवान नाय जावाचा."

त्या संध्याकाळी मी आठ वाजता पुण्याहून आले होते. तुम्ही ताट वाढून ठेवलं होतंत. ओट्याशी उभं राहून मला एकेक गरम भाकरी वाढत होतात. मी दोन खाल्ल्या, तिसरी नको म्हटलं, तर तुम्ही अर्धी मोडून ताटात टाकलीत आणि म्हणालात, खा, सकालपासून काय खाल्लं नसंल. मी ती पण खाल्ली. पोटभर जेवले, ढेकर दिला, आणि ग्रुप उघडून अजून कुणी अंगठा दिलाय का ते पाहिलं.

आज सकाळी आपली चूल पेटली. अन्वीला डबा दिला. काय दिलं ते सांगत नाही, तुम्ही नावं ठेवाल. रात्री नरेश जेवला, अन्वी जेवली. मी ताट घेऊन बसले, भाकरीचा एक तुकडा मोडला, आणि तो हातात तसाच धरून अर्धा तास बसले आहे.

आई, नाही जात हो.